कागद नव्हता म्हणून

कॉलेजात संगणक शिकताना दुसऱ्या वर्षाच्या ओरलला एक्स्टर्नल म्हणून, म्हणजे बाहेरून परीक्षा घ्यायला, आलेले सर शांत होते. शांत एक्स्टर्नल सगळ्यात वाईट, असं सीनियर्सनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. त्यांनी माझं जर्नल उघडलं, नेमकं शॉर्टेस्ट पाथचं, म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता शोधायच्या रीतीचं, पान काढलं आणि म्हणाले, "सांगा, काय केलंय?" मी घडाघडा सांगितलं. दोन फॉर लूप, 'व्हिजिटेड' नावाचा एक ॲरे, सगळ्यात कमी अंतराचा नोड (म्हणजे नकाशावरचं ठिकाण) शोधायचा, मग त्याच्या शेजाऱ्यांची अंतरं अपडेट करायची. पाठच होतं. सरांनी मान डोलावली आणि विचारलं, "एकदा नोड व्हिजिटेड झाला की त्याचं अंतर पुन्हा कधीच बदलत नाही. का?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

"बरं, ही रीत ज्यांची, त्यांचं नाव तरी नीट सांगा." मी म्हणाले, "डिजकस्ट्रा." शेजारी उभा असलेला पुढचा रोल नंबर मला वाचवायला म्हणून पुटपुटला, "दिजस्त्रा, सर." सर हसले, सही केली आणि जर्नल परत दिलं. उच्चार त्यांनीही सांगितला नाही. मला आजही वाटतं, त्यांनाही नक्की माहीत नसावा.

उच्चार साधारण 'डायक्स्ट्रा'च्या जवळ जातो. त्यातला 'डाइक' म्हणजे समुद्राचं पाणी अडवायला घातलेला बांध. आणि शेवटचं 'स्ट्रा' हे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आडनावांचं शेपूट, अर्थ 'तिथे राहणारा'. म्हणजे आपलं 'कर'. ही रीत शोधणारे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर वीबे डायक्स्ट्रा आपल्याकडे जन्मले असते तर बांधकर झाले असते आणि ओरलला कुणाची बोबडी वळली नसती.

त्यानंतर बरीच वर्षं हे आडनाव माझ्यासाठी एका लूपचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. २०१६ साली कामासाठी काही महिने आइंडहोव्हनला राहिले. सुपरमार्केटच्या रांगेत मागून मराठी ऐकू येईल असं ते गाव आहे. तिथून न्यूनेन नावाचं एक खेडं सायकलवर अर्ध्या तासाच्या आत. व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ तिथे राहिला, बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं ते काळपट चित्र त्यानं तिथेच काढलं. आइंडहोव्हन-न्यूनेन वाटेवरच्या एका सायकलमार्गात अंधारात चमकणारे खडे बसवलेत, त्याच्या ताऱ्यांच्या रात्रीच्या चित्राची आठवण म्हणून. मी फोनमध्ये रस्ता टाकला, गेले, चर्च पाहिलं, पुतळ्यासोबत फोटो काढला, परत येताना तो चमकता मार्ग बघायला मुद्दाम उशीर केला.

डायक्स्ट्रा त्याच न्यूनेनमध्ये राहायचे, हे मला पुण्याला परत आल्यावर कळलं. फोनमधला नकाशा आता बरंच काही गुंतागुंतीचं करतो, पण त्याच्या मुळाशी आजही त्यांच्याच कल्पनेची लेकरंबाळं राबतात. म्हणजे त्यांच्याच गणितानं मला त्यांच्याच गावात नेलं आणि मी बटाटे बघून परत आले. त्या चुटपुटीनं मग त्यांना वाचायला घेतलं.

वाचताना पहिल्यांदा अडकले ते कॉफीपाशी.

१९५६ साल. डायक्स्ट्रा सव्वीस वर्षांचे, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये कामाला. एका सकाळी ते होणाऱ्या बायकोबरोबर, मारिया डेबेट्सबरोबर, खरेदीला बाहेर पडले होते. फिरून दमल्यावर दोघं एका कॅफेच्या गच्चीवजा अंगणात कॉफी प्यायला बसले. डोक्यात एक प्रश्न घोळत होता. सेंटरमध्ये आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि त्याच्या उद्घाटनाला येणाऱ्या, संगणकाचा गंध नसलेल्या पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. प्रश्नही त्यांना कळायला हवा आणि उत्तरही. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? हे कुणालाही कळतं. कॉफी संपेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटांत, रीत सापडली. खिशात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती.

उद्घाटनासाठी त्यांनी नकाशावरची ६४ गावं घेतली. ६४च का, तर तेवढ्या गावांना नंबर द्यायला सहा बिट, म्हणजे शून्य-एकच्या सहा जागा, पुरतात. त्या यंत्रावर जागा जपून वापरावी लागे.

ती रीत अशी. रॉटरडॅमहून निघा. तिथून थेट रस्ते डेल्फ्टला, गाउडाला, डोर्ड्रेख्तला जातात. समजा या तिघांत डेल्फ्ट सगळ्यात जवळ. मग डेल्फ्टच्या अंतरावर लगेच शिक्कामोर्तब करून टाका. कारण डेल्फ्टला पोचायचा दुसरा कुठलाही रस्ता आधी गाउडातून नाहीतर डोर्ड्रेख्तमधून जाणार, आणि ती दोन्ही गावं मुळातच डेल्फ्टपेक्षा लांब. तिकडून वळसा घालून येणारा रस्ता थेट रस्त्यापेक्षा जवळचा कसा पडेल? रस्त्याची लांबी काही उणे नसते. आता डेल्फ्टमधून पुढे जाणारे रस्ते धरून उरलेल्या गावांची अंतरं पुन्हा तपासा, त्यातलं सगळ्यात जवळचं गाव उचला, त्यावर शिक्का मारा. असं करत करत ग्रोनिंगेनवर शिक्का बसेपर्यंत. शिक्का बसलेल्या गावाकडे पुन्हा वळून बघायचं नाही.

एक्स्टर्नल सरांना एवढंच ऐकायचं होतं. चार वाक्यं. मी त्याच्या चौपट ओळी पाठ केल्या होत्या.

पुढे म्हातारपणी एका मुलाखतीत डायक्स्ट्रांनी सांगितलं की ती रीत इतकी सुबक उतरली त्याचं एक कारण म्हणजे हाताशी कागद-पेन्सिल नसणं. ती नसली की टाळता येण्याजोगा सगळा गुंता टाळणं भागच पडतं. हे वाक्य मी कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं. मग ऑफिस बदललं.

छापायला मात्र तीन वर्षं गेली. असल्या गोष्टीला गणित म्हणावं की नाही याचीच तेव्हा शंका होती आणि छापणार कोण, हाही प्रश्न होता. १९५९ साली एका गणिताच्या नियतकालिकात आला तेव्हा लेख जेमतेम तीन पानांचा होता, आणि त्या तीन पानांत एक नाही, दोन प्रश्न सोडवले होते. दुसरा प्रश्न होता, पुष्कळ टोकं कमीत कमी तारेत एकमेकांना कशी जोडायची. तोही हवेतला नव्हता, सहकाऱ्यांना पुढच्या संगणकाच्या मागच्या बाजूला लागणारी तांब्याची तार वाचवायची होती. (हा दुसरा शोध त्यांच्या आधी इतरांनीही लावला होता, पण ते त्यांना माहीत नव्हतं.)

हा काटकसरीचा सोस आला कुठून, याचा माग काढला तर तो आईपाशी पोचतो. जन्म रॉटरडॅमचा, ११ मे १९३०चा. वडील रसायनशास्त्रज्ञ, शाळेत शिकवायचे. आई ब्रेख्त्ये क्लॉयव्हर गणिती, पण तिनं कधी नोकरी केली नाही. शाळेत त्रिकोणमिती सुरू होणार म्हणून मुलानं तिला विचारलं, अवघड असते का गं? ती म्हणाली, नाही. सूत्रं सगळी पाठ कर, आणि काही सिद्ध करायला पाचपेक्षा जास्त ओळी लागल्या तर समज की वाट चुकली.

पाच ओळी! माझ्या आईनंही मला गणित शिकवलंय, पण तिचा नियम उलटा होता: स्टेप खाल्लीस तर मार्क जातील. दोन्ही आया आपापल्या जागी बरोबर होत्या. एकीला मुलगा विचार करायला हवा होता, दुसरीला मुलगी बोर्डात यायला.

त्या मुलाला खरं तर वकील व्हायचं होतं, संयुक्त राष्ट्रांत देशाची बाजू मांडायची होती. गणित-विज्ञानातले मार्क बघून तो बेत मागे पडला आणि तो लायडनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. १९५१ साली वडिलांच्या नजरेला एक जाहिरात पडली, केंब्रिजमध्ये तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग. मुलगा गेला. त्याच सुमारास मॅथेमॅटिकल सेंटरचे आद्रियान फान वाइंगार्डन यांनी त्याला कामावर यायला सांगितलं आणि मार्च १९५२पासून तो नेदरलँड्समधला पहिला प्रोग्रॅमर झाला.

पहिला असण्यात फार गंमत नसते. विचारायला कुणी नसतं. तीनेक वर्षांनी डायक्स्ट्रा फान वाइंगार्डन यांच्या खोलीचं दार ठोठावून आत गेले. भौतिकशास्त्र की प्रोग्रॅमिंग, दोन्ही जमत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारलं तुम्हाला काय येतं, तर ते ठामपणे काहीतरी सांगू शकतात. मी काय सांगू? प्रोग्रॅमिंग ही मानाची विद्या आहे तरी का? फान वाइंगार्डन यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आज ती नाही हे खरं. पण ही यंत्रं आता जात नाहीत, आपण अगदी सुरुवातीला उभे आहोत, आणि तिला मान मिळवून देणाऱ्यांपैकी एक तूच का असू नयेस? डायक्स्ट्रा त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

सरकारचं ठरलेलं नव्हतं. १९५७ साली लग्न नोंदवताना व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'प्रोग्रॅमर' लिहिलं, तर ॲमस्टरडॅमच्या कारकुनांनी ते मान्य केलं नाही, कारण असा व्यवसायच नव्हता. शेवटी नोंद झाली ती 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी. गंमत म्हणजे नवरीही त्याच सेंटरमध्ये हिशेब करणाऱ्या मुलींपैकी एक होती.

त्या सेंटरमधली कामाची पद्धत मला फार आवडते. ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन यंत्र बांधायचे, आणि यंत्र तयार व्हायच्या आधीच डायक्स्ट्रा त्याची पुस्तिका लिहायचे: हे यंत्र काय काय करेल. ती पुस्तिका म्हणजे दोन्ही बाजूंचा करार. ते लोक तसं बांधणार, डायक्स्ट्रा त्यावर भरवसा ठेवून प्रोग्रॅम लिहिणार. चालवून बघू म्हटलं तर चालवायला यंत्रच नाही. मग प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे बसून, विचार करूनच ठरवायचं.

आमच्या लॅबमध्ये तिघांत एक मशिन होतं आणि आठवड्याला दोन तास. आम्हीही वहीत लिहायचो, ड्राय रन करायचो, म्हणजे प्रोग्रॅम कागदावरच चालवून बघायचो. फरक असा की आम्ही ते नाइलाजानं करायचो आणि टर्बो सीची निळी खिडकी उघडली की वही बाजूला टाकून 'बघू काय येतंय' सुरू करायचो. डायक्स्ट्रांचा नाइलाज संपला, घराघरांत संगणक आले, तरी त्यांनी ती सवय सोडली नाही.

१९६० साली त्यांनी आणि याप झोनेव्हेल्ड यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, लिहिला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता. ऑगस्टमध्ये काम संपलं. झोनेव्हेल्ड यांनी दाढी केली, डायक्स्ट्रांनी ती जन्मभर ठेवली.

१९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथली गोष्ट ऑपरेटिंग सिस्टिमची. एका यंत्रावर अनेक कामं एकाच वेळी चालायची तर ती एकमेकांच्या पायात येणार. एकच टेप, एकच प्रिंटर, मागणारे चार. त्यांनी तोडगा काढला तो रेल्वेच्या सिग्नलवरून, नावही तेच: सेमाफोर. एक आकडा. आत शिरायचं तर तो एकानं कमी करायचा, कमी करता येत नसेल तर थांबायचं. बाहेर पडताना एकानं वाढवायचा. या दोन क्रियांना त्यांनी नावं दिली पी आणि व्ही. आम्ही ही अक्षरं 'वेट' आणि 'सिग्नल' म्हणून पाठ केली आणि पी म्हणजे वेट कसं काय, हे विचारलं नाही. व्ही म्हणजे डच भाषेतलं 'वाढव'. पी हा डायक्स्ट्रांनी स्वतः पाडलेला शब्द, 'प्रोलाख', म्हणजे 'प्रयत्न कर' आणि 'कमी कर' यांची मोट. मराठीत पाडायचा तर 'प्रघटव' होईल. सगळ्या जगातल्या पाठ्यपुस्तकांत आज एका डच जोडशब्दाचं पहिलं अक्षर बसलंय आणि ते कशाचं अक्षर आहे हे बहुतेकांच्या गावीही नाही.

आपल्या छोट्या गटाबरोबर त्यांनी ही सिस्टिम थरावर थर रचत बांधली, खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात नाही. १९६८ साली त्यावर लिहिताना त्यांनी नोंदवलं की चाचणीत सापडल्या त्या फक्त किरकोळ लिहिण्यातल्या चुका, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली. मी हे वाक्य आमच्या टीममधल्या एका मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या ग्रहावर?"

त्या ग्रहावर त्यांचं कौतुक झालं नाही. गणित विभागाला हे काम गणित वाटेना, गट विखुरला, आणि डायक्स्ट्रा खोल नैराश्यात गेले. त्यातून वर येताना, स्वतःवरचा उपचार म्हणून, त्यांनी प्रोग्रॅमची रचना कशी असावी यावर टिपणं लिहिली. पुढे 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' म्हणून जे जगभर शिकवलं गेलं त्याच्या मुळाशी हे आजारपण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं एवढंच, की 'गो टू' (प्रोग्रॅममध्ये भलत्याच ओळीवर उडी मारायची आज्ञा) वापरलं तर मार्क कापीन.

गो टू वाईट का? त्यांचा मुद्दा माणसाच्या डोक्याबद्दल होता. आपल्याला समोर मांडलेली स्थिर गोष्ट नीट समजते. काळाबरोबर सरकणारी गोष्ट डोळ्यांसमोर आणणं जड जातं. म्हणून कागदावरचा मजकूर आणि यंत्रात घडणारी घटना यांचा क्रम होईल तितका जुळता ठेवावा. गो टू त्या दोघांची ताटातूट करतो. मार्च १९६८मध्ये हे एका नियतकालिकात आलं. त्यांचं शीर्षक साधं होतं, गो टूच्या विरोधात काही मुद्दे अशा अर्थाचं. संपादक निकलाउस व्हिर्ट यांनी ते बदलून 'घातक समजावे' असं तिखट केलं, आणि भांडण पेटलं.

तिखटपणात त्यांना संपादकाची मदत लागायची असं मात्र नाही. १९७५ सालच्या एका टिपणात त्यांनी लिहिलं की कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं मेंदू पंगू होतो, ते शिकवणं गुन्हा मानला पाहिजे, आणि बेसिक ही भाषा शिकलेले विद्यार्थी तर सुधारण्यापलीकडे गेलेले असतात. ॲलन के या शास्त्रज्ञानं चेष्टेनं म्हटलंय की संगणकशास्त्रात उर्मटपणा नॅनो-डायक्स्ट्रामध्ये मोजतात. मला ही वाक्यं वाचताना राग येतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांचे हप्ते वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या तारखांच्या घोळाच्या, वेळी कोबोलनंच फेडले, आणि मी स्वतः शाळेत पहिला प्रोग्रॅम लिहिला तो बेसिकमध्ये. ज्याच्यापाशी क्लॉयव्हरबाईंसारखी आई आहे, त्यानं पंगू मेंदूंबद्दल बोलताना जरा जपून बोलावं. पण त्याच माणसानं १९७२चं ट्यूरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा मान, घेताना केलेलं भाषण नम्रतेबद्दल होतं: आपली कवटी केवढीशी आहे हे ओळखून काम करा. स्वतःच्या कवटीबद्दल त्यांनी ते पाळलं. दुसऱ्यांच्या कवट्यांबद्दल संयम कमी पडला.

१९७३पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेनच्या घरीच काम करू लागले. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, आइंडहोव्हनला मित्रांची बैठक. बाकी वेळ टेबल, कागद आणि माँ ब्लांचं शाईचं पेन. घरात पियानो, मोझार्टचं वेड. टीव्ही नाही. लिहायला संगणक त्यांनी वापरलाच नाही. टिपण झालं की त्याला नंबर पडायचा, पुढे स्वतःची आद्याक्षरं, ईडब्ल्यूडी. झेरॉक्स काढून ते काही जणांना पाठवायचं, ते पुढे झेरॉक्स काढून आणखी काहींना देणार. अशी तेराशेच्या वर टिपणं. त्यातली पुष्कळ स्कॅन करून ठेवलेली आहेत. मी बघत बसते तेव्हा मजकूर अर्धाच कळतो, पण अक्षराकडे बघत राहावंसं वाटतं. सुटं, सरळ, खाडाखोड जवळपास नाहीच. त्या अक्षराचा पुढे कुणीतरी फाँटही केला.

खाडाखोड का नाही, याचं त्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण होतं. मोझार्ट डोक्यात पूर्ण रचना करून मगच कागदावर उतरवायचा, बेथोव्हन लिहायचा, खोडायचा, वर कागद चिकटवून पुन्हा लिहायचा. आपण मोझार्टच्या बाजूचे. यातला मोझार्ट जरा दंतकथेतला आहे, त्याचेही कच्चे खर्डे सापडलेत. आणि बेथोव्हनचं काय वाईट झालं? मी कच्च्या खर्ड्यांवर पोट भरणारी बाई आहे. हा लेखसुद्धा तिसऱ्यांदा लिहितेय.

१९८४ साली ते टेक्सासला ऑस्टिनच्या विद्यापीठात गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथे शिकवत राहिले. सुट्टीत नवरा-बायको फोक्सवॅगनची व्हॅन घेऊन राष्ट्रीय उद्यानं हिंडायचे. व्हॅनचं नाव 'टूरिंग मशिन', संगणकशास्त्रातल्या 'ट्यूरिंग मशिन' या कल्पनेवरची कोटी. या माणसाला विनोद चालायचा, हे मला बरं वाटलं.

ऑस्टिनमध्ये त्यांच्या परीक्षा तोंडी असत. ऑफिसात नाहीतर घरी, एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून, निवांत तासभर किंवा जास्तही. म्हणजे ओरलच. मी त्या खुर्चीत स्वतःला बसवून बघते. व्हिजिटेड झालेल्या नोडचं अंतर पुन्हा का बदलत नाही? आज डेल्फ्ट, गाउडा, डोर्ड्रेख्त सांगून मी सुटले असते. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला असता आणि मी छताकडे बघितलं असतं.

२००२ साली आजारी होऊन ते न्यूनेनला परत आले. शेवटचं टिपण, क्रमांक १३१८, १४ एप्रिल २००२चं आहे. कॅन्सर असलेल्या, बाहत्तरीला टेकलेल्या या माणसाची त्यातली तक्रार आहे एका भूमितीच्या सिद्धतेबद्दल: जादूगारानं टोपीतून ससा काढावा तशी त्यात मधेच कुठून तरी एक गोष्ट अवतरते, ती का, हे सांगत नाहीत. ६ ऑगस्टला ते गेले.

माझी ती ओरल त्याच एप्रिलातली. तारीख आठवत नाही, पण आदल्या रात्री हॉस्टेलवर जर्नल पूर्ण करत बसले होते ते आठवतं. निळ्या शाईचं पेन होतं. मैत्रिणीच्या जर्नलवरून त्यांचा तो लूप जसाच्या तसा उतरवत होते, आणि तिच्या जर्नलात एका ठिकाणी सेमीकोलन राहिला होता, तो माझ्यातही राहिला.